डोंगराचं नाक

आधीच सांगून टाकते, या लेखात गावाचं नाव नाही. डोंगराचं नाही आणि नाल्याचंही नाही. ब्रह्मपुरीहून बस, पुढे धानोऱ्याकडची जीप आणि मग पायी, एवढ्यावर कुणाला वाट काढायची असेल तर त्याने खुशाल काढावी. त्या पट्ट्यात तसे डोंगर पुष्कळ आहेत. "थोडा ठावठिकाणा द्या, वाचकाला बरं वाटतं," असं संपादकांनी सुचवलं होतं. मी एकदा ठावठिकाणा दिला होता. त्याचं काय झालं, तेच इथे लिहिते आहे.

माझं काम नेचा सांभाळण्याचं. लग्नाच्या बोलणीत हे सांगायची वेळ आली की समोरची माणसं घोटभर चहा जास्त घेतात. नेचा म्हणजे ज्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही अशी वनस्पती. पानाच्या पाठीवर तपकिरी भुकटी धरते आणि ती उडून जिथे ओल मिळेल तिथे नवा नेचा उगवतो. विहिरीच्या आतल्या कडेला दिसतात ते बहुतेक नेचेच. आमचा मात्र जरा वेगळा होता. त्याचं पान इतकं पातळ, की मागून टॉर्च धरली तर उजेड हिरवा होऊन अलीकडे येतो. इतर झाडांच्या पानांना वरून मेणासारखं कातडं असतं. याला ते नाही. तो सगळ्या अंगानं पाणी पितो, आणि कोरडी हवा लागली की सगळ्या अंगानं मरतो. त्यामुळे जिथे बारा महिने खडक पाझरतो आणि ऊन कधीच पोचत नाही, तिथेच तो जगतो. मे महिन्यात सायकलच्या सीटवर बसता येत नाही अशा आमच्या मुलखात हा प्राणी आला कसा आणि टिकला कसा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण एका कपारीच्या आतल्या भिंतीवर तो होता. परातीएवढा. तेवढाच.

दाखवला वनखात्याच्या गार्डने, मडावीभाऊंनी. मी तेव्हा नुकती बी.एस्सी. होऊन कॉलेजातल्या सरांच्या छोट्या प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून लागले होते. जंगलात फिरायचं, दुर्मिळ वनस्पती शोधायच्या आणि वनखात्याला अहवाल द्यायचा, असं काम. सरांनी एक पान जाणकारांकडे पाठवलं. आपल्या भागात हा दुसरीकडे कुठे कुणी पाहिलेला नाही, असं उत्तर आलं. त्या दिवशी मडावीभाऊ म्हणाले, "मी तं लहानपनापासून पाहून राह्यलो बाई. कोनी इचारलंच नाई."

आता थोडं घरचं. माझे वडील ब्रह्मपुरीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. धरण, दारू, तेंदूपत्ता, शाळेचं छप्पर, ज्या कुणाला जगाला काही सांगायचं असे तो वडिलांकडे येई. उरलेली पत्रकं आमच्या घरी. फडताळात अंथरायला पत्रक, वहीला कव्हर पत्रकाचं, डब्याखाली पत्रक. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. आमच्या घरात कुणाला काही पटलं नाही की भांडण होत नसे, मजकूर तयार होई.

तेव्हा नेचा सापडल्यावर मी काय केलं असेल हे सांगायला नको. 'जागे व्हा!' या मथळ्याचं पत्रक. त्यात नेच्याचं वर्णन, त्याच्यावर आलेलं संकट (तेव्हा कुठलंच आलेलं नव्हतं), आणि गावाचं नाव, नाल्याचं नाव, 'पूर्वेकडून तिसरी कपार' हेसुद्धा. माहिती दडवणं हा गुन्हा आहे, ती लोकांची आहे, असं माझं ठाम मत होतं. आजही बहुतेक बाबतींत आहे. बस स्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी मी ते स्वतः वाटलं. सरांच्या हातात ते चौथ्या दिवशी पडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "यात गुप्त ठेवण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलं आहेस का?"

संकट मग पत्रक वाचून आलं. पहिला एक जडीबुटीवाला. त्याला वाटलं संजीवनी सापडली. मडावीभाऊंनी त्याला गोड बोलून भलत्याच डोंगरावर चढवला. दुसरा शहरातला एक हौशी गृहस्थ, काचेची बरणी घेऊन. दिवाणखान्यात ठेवायला त्याला 'छोटासा तुकडा' हवा होता. मी त्याला दीड तास भाषण दिलं. तो इतका हैराण झाला की बरणी माझ्याकडेच विसरून गेला. तिच्यात आता आई लोणचं घालते.

तिसरी आली ती एका कॉलेजची सहल. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना वर्षअखेरीस वाळवलेल्या नमुन्यांची वही द्यावी लागते. प्रत्येकाचा नमुना वेगळा, आपल्या हातानं तोडलेला. मीही दिली होती, चांगले गुण मिळाले होते. मी दुसऱ्या दिवशी पोचले तर कपारीत चिखलाचे बूट उमटलेले आणि परातीतला निम्मा हिरवा भाग खरवडून काढलेला.

नाल्याकाठी यमुनाबाई जाळं झटकत होती. पायथ्याच्या वस्तीतली ढिवराची बाई, साठीच्या पुढची, हाडं मोजून घ्यावीत अशी अंगलट. तिचं घर तळ्यावर आणि बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, मासे धरून जगणारं. तिनेच मला सांगितलं, "लय पोट्टे आले होते वो. चांगले होते बिचारे, लायनीनं तोडलं त्यायनं. एक जन तं मले मावशी म्हने."

"अन् तुमी पाहत उभ्या राह्यल्या?"

"तं का करू? तुह्याच कागदानं आले ना ते. हातात धरून होते."

मी घरी जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर जे करायचं तेच केलं. आणखी मजकूर. या वेळी पत्र्यावर. 'प्रवेश बंद. दुर्मिळ वनस्पती. आत जाणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' सरांकडून मंजुरी घेतली, वनखात्याकडून काटेरी तार मिळवली आणि कपारीच्या तोंडापासून वरच्या उतारापर्यंत सगळं बंद करून टाकलं. मडावीभाऊ तार ताणता ताणता म्हणाले, "बाई, बिबट वाचत नाई, अन् जे वाचतात ते ऐकत नाई. पाटी कोनासाठी?" मला तो विनोद वाटला. मी हसले नाही, तेव्हा मी विनोदाला हसत नसे.

फाल्गुनात, सागाची पानं गळून गेल्यावर, यमुनाबाई तारेपाशी येऊन उभी राहिली. हातात बांबूची लांब कमची. मी आत होते, मोजणी करत. ही मोजणी अशी असते की चौकोन आखलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद भिंतीपासून बोटभर लांब धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि हिरव्याची कड काचेवर चालणाऱ्या पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. हात लावायचा नाही. श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.

"फोटो काढून राह्यली का?" तिने विचारलं.

"नाई. मोजून राह्यली. तुमाले का पायजे?"

"नाक काढाचं हाये. डोंगराचं. दरसाल काढतो आमी."

"म्हंजे?"

"माती काढाची. तिथी वर, भेगीतून. मंग जातो आमी."

माती काढायची, एवढंच माझ्या कानानं घेतलं. माती काढणं म्हणजे उकरणं, उकरणं म्हणजे उत्खनन, आणि उत्खननाच्या विरोधात तर माझ्या वडिलांनी जुळवलेलं अख्खं पत्रक मला पाठ होतं. मी तिला नीट, आदरानं, पण ठासून सांगितलं की आता इथे कुणालाच आत येता येणार नाही, कायदा सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, "शेवाळासाठी तार लावली का तुनं?" तिच्या लेखी दगडावरचं सगळं हिरवं शेवाळच होतं. मी तिला पत्रक दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि कमची टेकत निघून गेली. त्या पत्रकात पुढे सुकटीचा पुडा बांधला गेला, हे मला नंतर कळलं. माझ्या लेखनाचा त्या वर्षी तेवढाच उपयोग झाला.

त्यानंतर सरांनी मला गडचांदूरकडे पाठवलं. चुनखडीच्या खाणींच्या कडेनं कोणत्या वनस्पती उरल्या आहेत ते पाहायला. दीड महिना मी तिकडे धुळीत फिरले. नेच्याची काळजी वाटली नाही, कारण तार होती. वैशाखात परत आले तर जीप थांबते तिथे मडावीभाऊ उभे. माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेत ते म्हणाले, "चला बाई. लवकर चला."

भिंत कोरडी होती. मी त्या भिंतीला कधी कोरडं पाहिलं नव्हतं. तिचा रंगच मला अनोळखी वाटला. नेचा काळा पडला होता, जळलेला कागद जसा आपला आकार धरून राहतो तसा. फुंकर मारली असती तर गेला असता. कपारीच्या खाली, तारेच्या बाहेर, दगडात एक खोलगट डबकं होतं, त्यात भेगाळलेला चिखल, आणि चिखलात मरळ माशांचे सांगाडे.

मी धावत वस्तीत गेले, हंडे मागितले. मडावीभाऊंनी कुणाच्या तरी धानाच्या बांधीवरून फवारणीचा पंप आणला. धुक्यासारखं बारीक पाणी मारता येईल, ही कल्पना माझीच. पंप भरला, मी नळी भिंतीकडे धरली, आणि मागून आवाज आला, "थांब!"

यमुनाबाई तारेखालून सरपटत आत आली होती. तिने नळीचं तोंड नाकाशी नेलं आणि माझ्या नाकाशी आणलं. "घे वास. किड्याचं औषध हाये यात. जे उरलं तेबी मारून टाकतेस का?"

मी पंप खाली ठेवला. यमुनाबाई डबक्याकडे बघत होती.

"माहे मासे पाह्यले का?" ती म्हणाली. "बियान्याचे होते. तळं आटते उन्हाळ्यात, तं जोडीजोडीनं इथी आनून ठेवतो आमी. पानी पडलं का नेऊन सोडतो. माह्या सासूच्या सासूपासून. औंदा तळ्यात सोडाले काईच नाई. तुह्या तारेनं."

"पानी काऊन थांबलं, यमुनाबाई?"

"नाक भरलं. सांगून राह्यली होती ना तुले."

मग तिने दाखवलं. कपारीच्या वरच्या अंगाला, माझ्या डोक्याच्या उंचीवर, खडकात एक आडवी भेग होती. मी ती कितीदा पाहिली होती, वहीत काढलीही होती. डोंगरातलं पाणी त्या भेगेतून येतं, भिंतीवरून पसरत नेच्याला भिजवतं आणि डबक्यात पडतं. पानगळ झाली की भेगेत पाला बसतो, पाल्यावर माती बसते आणि मातीत मुळं शिरतात. मग पाणी पाठीमागून दुसरीकडे वाट काढतं. हे दरवर्षी होतं. आणि दरवर्षी फाल्गुनात यमुनाबाईच्या घरची एक बाई येऊन ती भेग मोकळी करते. मी ज्याला माणसाचा हात न लागलेलं ठिकाण म्हणून छापलं होतं, तिथे तीन पिढ्यांचा हात लागत होता. कोपरापर्यंत.

ती दगडावर चढून पालथी पडली. कमची आत घातली, मग हात. आतून काळा पाला, चिकट माती आणि मुळांची वेणीसारखी गुंतवळ ओढून काढू लागली. "हे कुठी टाकू? खाली टाकलं तं तुहं शेवाळ दबन."

मडावीभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, तारेवरची पाटी खसकन उपटली आणि तिच्यासमोर घमेल्यासारखी धरली. 'प्रवेश बंद'वर चिखलाचा पहिला गोळा पडला. मी दुसरं टोक धरलं.

पाटी सात-आठ वेळा भरली. पाणी आलं नाही. यमुनाबाईने खडकाला कान लावला. "हाये. मांगून जाऊन राह्यलं. ऐकू येते." मग तिने खांद्यापर्यंत हात घातला. डोळे मिटलेले, गाल दगडाला चिकटलेला. तशीच बोलत होती, "ह्या हातासाठीच केलं मले सासूनं. पाहाले आले तं हात हातात घेतला, असा दाबून पाह्यला, अन् म्हने पसंत. तोंड कोनी पाह्यलंच नाई."

"पाह्यलं असतं तं पसंत केली असती का?" मडावीभाऊ.

"तुह्या बायकोनं तुहं पाह्यलं होतं का रे?"

एवढ्यात आत काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. तिने हात ओढून घेतला आणि भेगेतून गढूळ पाण्याची पिचकारी तिच्या तोंडावर आली. "शिंकला!" ती म्हणाली. आणि मग, तासाभरात, भिंतीचा रंग वरून खाली बदलत आला.

काळा झालेला नेचा परत आला नाही. पण भिंतीच्या अगदी आतल्या सांदीत, जिथे हवाच पोचत नव्हती, तिथे वाटीएवढा हिरवा जिवंत होता. परातीची वाटी झाली होती. तरी ती वाटी पाहून मी मडावीभाऊंचा हात इतका जोरात दाबला की ते म्हणाले, "सोडा बाई, याच हातानं जेवाचं हाये."

अहवाल लिहायची वेळ आली. नेचा कमी का झाला या रकान्यात 'अपुरा पाऊस' लिहिता आलं असतं. कुणीही मानलं असतं, पाऊस बिचारा उलटून बोलत नाही. पण दुसऱ्यांच्या लपवाछपवीवर पत्रकं काढायची आणि स्वतःची वेळ आली की पावसाआड जायचं, हे मला जमणार नव्हतं. मी पानभर लिहिलं. पत्रकात जागा जाहीर करणं, तार लावणं, भेग साफ करायला आलेल्या बाईला न ऐकता परत पाठवणं, ही चूक माझी. सरांनी ते माझ्यासमोर वाचलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी पेन उघडलं आणि 'माझी' हा शब्द खोडून वर 'आमची' लिहिलं. "तारेला मंजुरी मी दिली होती," ते म्हणाले. "आणि मी तर त्या भेगेचा फोटोही काढला होता." त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या अक्षराला, जे कुणालाच वाचता येत नाही, कायमची माफी दिली आहे.

तार काढली. यमुनाबाईचं घर फाल्गुनात भेग साफ करील आणि डबक्यात मासे ठेवील, हे कामाच्या आराखड्यात लिहून घेतलं. सरकारी कागदावर 'डोंगराचं नाक' हे शब्द जाऊ देईनात म्हणून 'पाझर-मुखाची पारंपरिक निगा' असं लिहावं लागलं. मी ते यमुनाबाईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "हे कोन्या गावचं?" त्या पावसाळ्यात शेजारच्या गावातून मागून आणलेल्या मरळीच्या दोन जोड्या तळ्यात सोडल्या. त्या आणायला मी स्वतः गेले होते, डोक्यावर माशांची गुंडी, म्हणजे लहान हंडा, घेऊन, आणि वाटेत निम्मं पाणी अंगावर सांडून.

याला आता काही वर्षं झाली. दर फाल्गुनात मी जाते. माझं काम पाटी धरायचं. पाटी तीच आहे, वाकून खोलगट झाली आहे, अक्षरांपैकी फक्त 'वेश' राहिलं आहे. आधी वाटी, मग ताटली, मग ताट, असा नेचा वाढत गेला. कुणी तोडायला आलंच तर वस्तीतली माणसं त्याला विचारपूस करत चहा पाजतात आणि चहा संपेपर्यंत अंधार पडायला लागतो. तारेपेक्षा हा उपाय बरा.

यंदाचं तेवढं सांगायचं राहिलं. यंदा यमुनाबाईची बोटं सुजली आहेत, सांधे धरले आहेत. कमची धरता येईना. तिने सुनेला पुढे केलं. सून चांगली दणकट, धानाचं ओझं एकटी उचलणारी. तिचा हात मनगटाशीच अडकला. "पोरानं तोंड पाहून केली," यमुनाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. सूनही हसली. "मंग आता तुमीच सांगा कोन करन ते," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यमुनाबाईने माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, दाबून पाहिला. सासूने तिचा पाहिला असेल तसाच.

"कागदं वाटू वाटू बारीक राह्यला," ती म्हणाली. "चढ."

मी पालथी पडले. दगड गार होता. हात आत गेला, कोपर गेलं. आत अंधारात पाला, माती, दोरीसारखं काहीतरी. मागून सूचना येत होत्या, डावीकडं, वर, ओढू नको, पिळ. मी पिळलं. गुंतवळ हातात आली, आणि तिच्या पाठोपाठ बोटांच्या टोकांना पाणी लागलं. ते मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही असं काहीतरी होतं, आणि इथेही मला नीट लिहिता येत नाही.

खाली उतरून मी मोजणी केली. कागद धरला, डोळा मिटला. हिरव्याची कड उतरवत गेले तर ती कागदाबाहेर निघाली. पहिल्यांदाच मला दुसरा कागद जोडावा लागला. परात मागे पडली होती.

डबक्यात सुनेने मरळीच्या जोड्या सोडल्या. मी यमुनाबाईला विचारलं, दिवाळीच्या अंकात हे लिहू का?

"लिही ना," ती म्हणाली. "गावाचं नाव टाकू नको म्हंजे झालं." मग माझ्या खांद्यापर्यंत चिखलानं माखलेल्या हाताकडे पाहून म्हणाली, "अन् आंधी हात धू."